निळ्या गाडीचे बर्फाचे टायर

वहिनी,

गाडी घ्यायची आहे हे तू सगळ्यांत आधी मला सांगितलंस, आणि तेही फ्रीगंजच्या तुझ्या दवाखान्यात, माझी दाढ तपासताना. माझं तोंड उघडं, त्यात तुझा आरसा, गालात कापूस. तू म्हणालीस, "वन्सं, इंदूरला एक गाडी बघून आले. जुनीच आहे, पण फार सुंदर. दोनच सीट आहेत आणि छप्पर उघडतं. घेऊ का?" मी घशातून काहीतरी आवाज काढला. "मला वाटलंच होतं तुम्ही हो म्हणाल," असं म्हणून तू दाढ कोरायला घेतलीस.

भेटायला आलेल्या प्रत्येकाला मी हेच सांगितलं. लोक हळू आवाजात बोलत होते, तुझ्या हाताला किती यश होतं, तू कुणाची दाढ कशी न दुखवता काढलीस, आणि मी मध्येच ही गोष्ट काढायचे. लोक हसायचे, मग तुझ्या फोटोकडे बघून ओशाळायचे. आता तेरावा होऊन गेला, पाहुणे आपापल्या गावी गेले. उज्जैनच्या माधव नगरातल्या या घरात खाली दादा आणि वर मी. तुला काहीतरी सांगायचं म्हणून मी अजूनही अर्धा जिना उतरते आणि परत वर येते. म्हणून आज लिहायला बसले.

गाडी घरी आली तेव्हा अर्धी गल्ली बाहेर आली होती. गडद निळी, जर्मन बनावटीची, इतकी बुटकी की तिचं छप्पर माझ्या छातीपर्यंतसुद्धा येत नव्हतं. तू उतरताना आधी एक पाय बाहेर काढायचीस, मग दाराला धरून स्वतःला वर ओढायचीस, आणि उभी राहिलीस की चेहरा असा, की त्यात अवघड ते काय. स्पीडब्रेकरवर तिचं पोट घासायचं म्हणून तू ती तिरकी घालायचीस आणि मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवून हैराण व्हायचे. दादा गेटपाशी उभा राहून बघत होता. सगळी नोकरी सिंचन विभागात इंजिनियर म्हणून झालेली, त्यामुळे कुठल्याही यंत्राकडे तो आधी संशयानेच बघतो. म्हणाला, "यात तिसरा माणूस कुठे बसणार?"

"नाही बसणार," तू म्हणालीस.

दादा आत निघून गेला. नंतर कधीच तो त्या गाडीत बसला नाही. तूही त्याला कधी 'चला' म्हणाली नाहीस. यावरून आपलं एकदा चांगलंच वाजलं होतं. मी म्हणाले, "तुम्ही विचारून तर बघा." तू म्हणालीस, "त्यांनी नुसता हात दाखवावा, मी गाडी थांबवीन." तो वाद आपण कधी मिटवला नाही. दोघीही आपापल्या जागी अडून राहिलो.

घरात अबोला तर आधीपासूनच होता, केतकीवरून. तुमची एकुलती एक मुलगी नोकरीसाठी हिमाचलात गेली, फळांच्या संशोधन केंद्रात, आणि तिथल्याच एका सफरचंदाच्या बागवाल्याशी, विजयशी, तिने कोर्टात लग्न केलं. कळवलं ते लग्न झाल्यावर. मुलगा कोण, कुठला, यापेक्षा आपल्याला आधी सांगितलं नाही हे दादाला लागलं. त्याने भांडण केलं नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. तिचा फोन आला की तो बाल्कनीत जाऊन कुंड्यांना पाणी घालायचा. काही कुंड्या त्या पाण्यानेच मेल्या.

दिवाळीनंतर केतकीने कळवलं की फेब्रुवारीत बाळ येणार आहे. तू जायचं म्हणालीस तर ती म्हणाली, "आई, हिवाळ्यात नको येऊ. आमचं गाव मनालीच्याही वर आहे. बर्फ पडला की रस्त्याचा काही भरोसा नाही." तू फोन ठेवलास आणि मला विचारलंस, "वन्सं, बर्फात गाडी चालवायला काय काय लागतं?"

मी म्हणाले, रेल्वेने चंडीगडपर्यंत जा, पुढे टॅक्सी करा, जग तसंच जातं. तू थोडा विचार केलास. "तिला वाटतंय मी पोचू शकत नाही. मला तिच्या दारात माझी गाडी लावायची आहे."

मग जे सुरू झालं, त्याची मला आज फार आठवण येते. तू दवाखान्यातून यायचीस, जेवण व्हायचं, आणि आपण दोघी फोनवर बर्फाळ देशांतल्या लोकांचे टायरचे व्हिडिओ बघायचो. मी कॉलेजात इतिहास शिकवत रिटायर झालेली बाई. मला तोपर्यंत एवढंच माहीत होतं की टायर काळा असतो. तू मला समजावलंस की आपल्या गाडीत इंजिनाचा जोर मागच्या चाकांना मिळतो, पण वजन मागे फारसं नाही. कोरड्या रस्त्यावर याचीच मजा. बर्फावर मात्र हलकी मागची चाकं जागच्या जागी फिरतात आणि गाडीची शेपूट एका बाजूला निघून जाते. नेहमीचं रबर थंडीत कडक होतं. बर्फाच्या टायरचं रबर मऊच राहतं, आणि त्याच्या नक्षीत केसासारख्या बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. "दाताच्या मापाचा मसाला असतो ना, तसं," तू म्हणायचीस. "कडक झाला की माप येत नाही."

दादा पेपरमागून म्हणाला, "मागच्या चाकांची गाडी बर्फात कुणी नेत नाही." तो कुणाशीच बोलत नव्हता, पेपरशी बोलत होता. तूही पेपरलाच उत्तर दिलंस, "तिकडे सगळे नेतात. टायर बदलून नेतात."

नानाखेड्याला टायरवाल्या यूनुसभाईंच्या दुकानात गेलो तेव्हा त्यांना आधी वाटलं आपण थट्टा करतो आहोत. "मैडम, उज्जैन में बर्फ तो गोले वाले के ठेले पे मिलती है. ये टायर मैं लाऊँ कहाँ से?" पण माणूस हौशी. त्यांनी कुठल्या कुठल्या ट्रकवाल्यांना फोन केले आणि श्रीनगरचा एक व्यापारी शोधून काढला, जो असे टायर ठेवतो. मग तुमचा वाद सुरू झाला.

"दो काफी हैं," यूनुसभाई म्हणाले. "ताकत तो पीछे के पहियों में जाती है. पीछे नए डाल दो, आगे अपने वाले चलने दो."

"और मोड़ेगा कौन? ब्रेक पे सारा वजन किस पे आएगा?"

"धीरे चलाना मैडम."

"यूनुसभाई, सिर्फ चढ़ना नहीं है. उतरना भी है."

त्यांनी डोकं खाजवलं, माझ्याकडे बघितलं, मी शहाण्यासारखी मान हलवली. चार ठरले. मग रुंदीवरून अडलं. तुझ्या गाडीचे मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद होते, तिची ऐट त्यातच होती. तुला चारही सारखे आणि अरुंद हवे होते, कारण रुंद टायर ताज्या बर्फावर तरंगत राहतो, अरुंद खाली दबून रस्ता पकडतो. यूनुसभाईंना हे फार वाईट वाटलं. "गाड़ी की शान चली जाएगी मैडम, शेर को बकरी के पैर लगा रहे हो." तू हसलीस, पण मागवले अरुंदच.

अरुंद टायर म्हणजे रिमही वेगळी. ती तू स्वतः हिशोब करून दिल्लीहून मागवलीस, होती त्याहून दोन साइज लहान. आली तेव्हा काय चमकत होती. यूनुसभाईंनी चाक चढवलं, फिरवून बघितलं, ते अर्ध्यातच अडलं. "ब्रेक पे अड़ रही है." गाडीचा ब्रेक मोठा आणि रिम लहान. तू टायरांच्या ढिगावर बसून चहा प्यायलीस. तुला चुकायची सवय नव्हती. मग कप ठेवून म्हणालीस, "गलती मेरी है. एक साइज बड़ी मँगवाते हैं." घरी येताना देवास रोडच्या वळणावर मला म्हणालीस, "कवळीचं माप घेताना मी किती वेळा बघते. इथे म्हटलं, काय, चाक तर आहे."

बाकीचं सामानही जमत गेलं. जुने टायर पंक्चर झाले तरी थोडं अंतर चालणारे होते, म्हणून त्या गाडीत स्टेपनीची जागाच नव्हती. नवे तसे नव्हते, म्हणजे पंक्चरचं सामान आणि हवा भरायचा छोटा पंप बरोबर हवा. ते काम माझ्याकडे आलं. मी यूनुसभाईंच्या दुकानात एका फाटक्या टायरवर भोकं बुजवायला शिकले, आणि खरं सांगते, भोकात रबराची पहिली वात नीट बसली तेव्हा मला एम.ए. झाल्यापेक्षा जास्त आनंद झाला. चाकांवर चढवायच्या साखळ्या आणल्या, त्याही बारीक कडीच्या, कारण टायर आणि पत्रा यांत फट फारच कमी. डिसेंबरच्या उन्हात पोर्चमध्ये सतरंजी टाकून आपण दोघी त्या चढवायचा सराव करायचो. शेजारचे काका विचारून गेले, "हत्ती बांधायचा आहे का?" बॅटरी नवी घातली. इंजिनात आणि काच धुवायच्या टाकीत न गोठणारं पाणी भरलं.

यूनुसभाई म्हणाले, मागे वजन ठेवा, रेतीची पोती टाका. तू लगेच रेतीची चौकशी करायला निघालीस. मी म्हणाले, "वहिनी, रेती कशाला? गहू नेऊ. शरबती. पोचल्यावर खाता तरी येईल." तू माझ्याकडे असं बघितलंस, की मला वाटलं आता शाबासकीची मिठी मारतेस की काय. मारली नाहीस. पण त्या संध्याकाळी सगळ्यांना सांगत होतीस, "वन्संचं डोकं बघा."

जुनी चाकं जिन्याखाली गेली. नवी उज्जैनपासूनच घालून जायचं ठरलं, कारण त्या गाडीत चार चाकं मावतील अशी जागा कुठून आणायची. मऊ रबर गरम रस्त्यावर झिजतं, म्हणून ऐंशीच्या वर जायचं नाही, असं तू स्वतःच जाहीर केलंस.

आता एक गोष्ट, जी तुला सांगायची राहून गेली. जानेवारीत, निघायच्या दिवशी पहाटे मी वरच्या खिडकीतून बघितलं. दादा पोर्चमध्ये उभा होता. त्याने स्वतःचा टॉवेल आणला होता आणि तुझ्या गाडीची पुढची काच पुसत होता. काच झाल्यावर आरसे पुसले. मग खाली वाकला, चारही टायर अंगठ्याने दाबून बघितले. वर मान केली तर मी दिसले. त्याने नुसता हात हलवला, की सांगू नको. आपण निघालो तेव्हा तो बाहेर आलाच नाही, आणि गेट ओलांडताना तू म्हणालीस, "बघितलंत? टाटा करायलासुद्धा नाही." मला वाटलं रस्त्यात कधीतरी सांगीन.

तो रस्ता आठवतो तुला? ग्वाल्हेरपर्यंत तू ऐंशीचा नियम पाळलास आणि दर ट्रक पुढे गेला की तुझा जबडा आवळायचा. पुढे धुकं असं, की आपण एका बसचे मागचे दिवे धरून चाललो होतो. ढाब्यावर लोक गाडीभोवती जमायचे आणि "किसकी है?" विचारायचे, तू पराठा खात हात वर करायचीस. चंडीगडला तुझे गुडघे इतके दुखले की मी तुला हॉटेलच्या बाथरूममध्ये गरम पाण्याची बादली नेऊन दिली. "कुणाला सांगू नका," तू म्हणालीस. "म्हणतील, म्हातारीला झेपली नाही."

कुल्लूनंतर थंडी आत शिरायला लागली. मनालीच्या पुढे दुपारी बर्फ सुरू झाला. मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. मला वाटलं होतं तो पावसासारखा येईल, आवाज करत. तो नुसता येत होता. गाडी मात्र चालत होती, वहिनी. मोठ्या मोठ्या गाड्या बाजूला थांबलेल्या, आणि आपली बुटकी निळी गाडी गव्हाच्या पोत्यांसकट हळूहळू वर. तू गाणं गुणगुणत होतीस. मग एका वळणावर पोलिसाने हात दाखवला.

"मैडम, आगे सिर्फ फोर बाय फोर जाएगी."

"टायर बर्फ वाले हैं, चारों. चेन भी है."

तो पोलीस तरुण होता, भला होता. खाली वाकून त्याने टायर बघितले, हातमोजा काढून चाचपले. "टायर तो बढ़िया हैं. पर अभी गिर रही है, और ऊपर दो गाड़ियाँ आड़ी फँसी हैं. सुबह सड़क साफ होगी, तब आना."

केतकीचं घर तिथून इतकं जवळ होतं की फोनवर ती खिडकीतून आपल्याकडचा डोंगर दिसतो म्हणाली. मी तुला ओळखत होते. मला वाटलं आता तू खाली उतरशील आणि त्याला टायरवर व्याख्यान देशील. तू म्हणालीस, "ठीक है बेटा," आणि गाडी वळवलीस.

उतरताना पहिल्याच वळणावर गाडीची शेपूट सुटली. तुला आठवतं, मी तुझा दंड घट्ट धरला होता? डावीकडे दरी, आणि गाडीचं मागचं टोक तिकडे सरकतंय. तू ब्रेक दाबला नाहीस. पाय वर घेतलास, शेपूट जिकडे जात होती तिकडेच स्टिअरिंग फिरवलंस, आणि अगदी हळू, दवाखान्यात बोलायचीस त्या आवाजात म्हणालीस, "नलू, हात काढ."

मी हात काढला. पुढची चाकं कशाला तरी धरून राहिली, गाडी सरळ झाली. थोडं पुढे रुंद जागा होती, तिथे तू थांबलीस, इंजिन बंद केलंस. तू हात मांडीवर ठेवलेस.

"तू घाबरलीस?" मी विचारलं.

"हो. तू?"

"खूप."

आणि मग आपल्या दोघींच्याही लक्षात आलं. दादाचं लग्न झालं तेव्हापासून 'वहिनी, तुम्ही' आणि 'वन्सं, तुम्ही'. एका स्वयंपाकघरात इतकी वर्षं काढली, एकमेकींची आजारपणं काढली, आणि 'तू' म्हणायला आपल्याला दरीची कड लागली. तू हसायला लागलीस. मीही. काचेवर बर्फ साचत होता आणि आपण दोघी म्हाताऱ्या डोळे पुसत हसत होतो. त्या रात्री खालच्या गावात एका घरी राहिलो, एकाच रजईत, आणि तू झोपेपर्यंत मला नलू, नलू म्हणत होतीस, मुद्दाम. उज्जैनला परतल्यावर दादासमोर पुन्हा वन्सं झालेच. पण गाडीत बसलं, दार लागलं, की मी नलू.

सकाळी ऊन पडलं, रस्ता साफ झाला, साखळ्या चढवून आपण वर गेलो. साखळ्यांचा आवाज ऐकूनच केतकी बाहेर आली असावी. शाल गुंडाळलेली, भलं मोठं पोट, पायात विजयचे बूट. तिने आधी गाडी बघितली. मग तुला. "आई, तू यात आलीस?" तू डिकी उघडलीस. शरबतीची पोती बघून ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. विजय पोती उचलायला धावला. केतकीने गाडीच्या आत एकदा डोकावून बघितलं, जसं कुणी मागे लपून बसलं असेल. त्या गाडीला मागे काही नाहीच. मला तेव्हा दादाने काच पुसल्याचं सांगायचं होतं. तुझ्यासमोर बोलले नाही, कारण तू तिथून तडक दादाला फोन लावला असतास आणि त्याने साफ नाही म्हटलं असतं. केतकीला मात्र मी नंतर एकटीला गाठून सांगितलं. ती ऐकून बराच वेळ चुलीत लाकडं सारत राहिली.

बाळ झालं. मुलगी. तू तिला पहिल्यांदा घेतलंस तेव्हा आधी तिच्या हिरड्यांवरून बोट फिरवलंस, सवयीने. तुझा तो चेहरा मी सांभाळून ठेवला आहे.

परत आल्यावर आपलं शेवटचं भांडण झालं, टायरवरूनच. होळी झाली, ऊन तापायला लागलं, आणि तू बर्फाचे टायर काढायला तयार नव्हतीस. मी म्हणाले, "अगं, डांबर तापतंय, खोडरबरासारखे झिजतील." तू म्हणालीस, "पुढच्या जानेवारीला जायचंच आहे. कोण परत काढ-घाल करणार?" यूनुसभाईंनीही फोन केला. तू त्यांना पुढच्या सोमवारी येते म्हणालीस, प्रत्येक सोमवारी. मला वाटतं तुला ते चाकांवर असलेले आवडायचे. ते होते तोवर तुझा प्रवास चालू होता. मी हे तुला म्हणणार होते, पण मी तर रबराचंच बोलत राहिले. मग मे महिन्यातली ती दुपार आली. जेवून खुर्चीत बसलीस, डोळे मिटलेस. डॉक्टर म्हणाले, कळलंसुद्धा नसेल. तू डॉक्टर होतीस, तुलाच विचारायला हवं होतं.

केतकी बाळाला घेऊन आली. दादाने नात मांडीवर घेतली ती निघेपर्यंत सोडली नाही, पण केतकीशी बोलला ते तेवढ्यापुरतं, चहा घेतलास का, गाडी किती वाजता आहे. ती निघाली तेव्हा तो गेटपर्यंत गेला. रिक्षा वळेपर्यंत उभा होता.

मागच्या आठवड्यात इंदूरहून एक माणूस गाडी बघायला आला. दादानेच बोलावला होता. "मी काय करू तिचं?" असं मला म्हणाला होता. त्या माणसाने छप्पर उघडून बघितलं, इंजिन ऐकलं, मग बुटाने टायरला ठोसा मारला. "अंकल, ये टायर तो फेंकने पड़ेंगे."

दादा म्हणाला, "नहीं."

"मतलब? ये गर्मी में..."

"गाड़ी नहीं देनी है. आपको तकलीफ हुई, माफ करना."

तो गेला. दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, "नलू, तुला येते ना ही चालवायला? चावी आण."

येते, तूच शिकवलीस परतल्यावर. मी चालवत होते, दादा शेजारी, गुडघे पोटाशी घेऊन. देवास रोडला लागेपर्यंत तो समोरचा रस्ता बघत होता. मग म्हणाला, "कुठे घसरली होती का?"

मी सगळं सांगितलं. पोलीस, वळण, दरी. तो इंजिनियरसारखा ऐकत होता, मध्ये मध्ये प्रश्न विचारत. उतार किती होता. वेग किती होता. "ब्रेक नाही दाबला तिने?"

"नाही."

"बरोबर केलं," तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "अगदी बरोबर केलं." आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. बऱ्याच वेळाने म्हणाला, "मला वाटायचं, ती बोलावेल एखाद्या दिवशी."

तुझं म्हणणं मला माहीत होतं, त्याचं त्या दिवशी कळलं. मी गाडी सावलीत थांबवली आणि त्याला रडू दिलं.

संध्याकाळी त्याने माझा फोन मागितला. "केतकी, मी बोलतोय. हो, बरा आहे. जेवलो. बाळ काय करतंय?" मग मोठा श्वास घेतला. "जानेवारीत तुमच्याकडे रस्ता कसा असतो?" केतकी म्हणाली, मला इथे ऐकू येत होतं, "बाबा, थंडी फार असते. तुमच्याकडे गरम कपडे आहेत का?"

यूनुसभाई तुझे टायर उतरवून गेले. म्हणाले, एक मौसम आरामात निघेल. दादाने त्यांच्याशी अर्धा तास वाद घातला, कुठे ठेवायचे, उभे की आडवे. शेवटी ते त्याच्या खोलीत ठेवले, गच्चीवर ऊन लागतं म्हणून.

आणि काल, या उकाड्यात, तो पिशवी घेऊन गोपाळ मंदिराकडच्या बाजारात गेला. परतला तेव्हा सदरा अंगाला चिकटलेला. कुठल्याशा दुकानदाराला माळ्यावरचा थंडीचा माल खाली काढायला लावला म्हणे. पिशवीतून तपकिरी लोकरीची टोपी काढली, डोक्यावर घातली आणि पंख्याखाली उभा राहून मला विचारलं, "ठीक आहे?"

"ठीक आहे," मी म्हणाले.

तो पाणी प्यायला आत गेला तेव्हा मी पिशवीत बघितलं. आत अजून एक टोपी होती, माझ्या मुठीएवढी, कानांवरून बांधायच्या नाड्या असलेली. जानेवारीपर्यंत ती तिला लहान होईल, वहिनी. मी दादाला सांगितलं नाही.